सात आठवड्यांची जाळी

सरपंच झेनॉनला कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ‘हो’ म्हटलेलं करता येत नाही. असल्या माणसाकडे आगीच्या बंबखान्यातल्या कपाटाची किल्ली ठेवू नये, हे लेओकादिया पहिल्यापासून सांगत होती. आज तिने जवळच्या दुसऱ्या किल्लीने कपाट उघडलं, तर आत लग्नाच्या पंगतीच्या बशा होत्या, उंदराच्या लेंड्या होत्या, आणि जाळी नव्हती.

जाळी म्हणजे तोफेवर टाकायची. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद. जुने पडदे, चादरी, जंगलखात्याचे हिरवे कोट फाडायचे आणि पट्टी पट्टी करून दोरीत गुंफायची, की वरून बघणाऱ्याला नुसतं झुडूप दिसतं. युद्ध लागलं त्या वर्षी बंबखान्यात बायकांना बसायला बाक पुरत नव्हते. आठवड्याला एक जाळी सीमेपलीकडे युक्रेनला जायची. यंदा तिघीच उरल्या होत्या, आणि त्यातली एक लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. या एका जाळीला सात आठवडे लागले.

जाळी न्यायला चर्चपुढे गाडी येऊन उभी होती. गाडीवाला राडेक म्हणाला, "आजी, अकरापर्यंत थांबतो. पण रिकामं जावं लागलं, तर पुढच्या महिन्यापासून इकडे वळणार नाही बघा. चाळीस किलोमीटरचा फेरा पडतो."

लेओकादिया ऐंशी वर्षांची. तिने काठी घेतली आणि जाळीवाल्यांतल्या उरलेल्या दुसरीला, स्टेफाला, बरोबर घेऊन झेनॉनचं घर गाठायला निघाली. स्टेफाचं घर त्याच्या घराला लागूनच. स्टेफाचा गुडघा चालत नव्हता, तोंड मात्र थांबत नव्हतं.

"मेल्या भोरड्या पाखरांनी माझ्या झाडावर एक चेरी ठेवली नाही गं. एक! वर्षाचा मुरंबा गेला. डबे वाजवले, आरसे टांगले, ह्यांची जुनी विजार टांगली. विजारीवर बसून खातात!"

झेनॉनने फाटक अर्धं उघडलं आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः उभा राहिला.

"या या, काकू! उन्हातून चालत आलात? चेरीचं थंडगार सरबत देऊ का?"

"चेरीचं?" स्टेफा म्हणाली. "तुझ्याकडे चेरी आहे?"

"आहे... थोडी." झेनॉनचे कान लाल झाले.

"जाळी कुठंय?" लेओकादियाने विचारलं.

"काकू, त्याचं काय आहे, आपण लोकांचं मत घेतलं. रविवारी, प्रार्थना सुटल्यावर. तुमच्या देखतच घेतलं. जाळ्या चालू ठेवायच्या असतील त्यांनी हात वर करा म्हटलं. सहा हात."

"पाच," स्टेफा म्हणाली. "सहावा माशी हाकलत होता."

"बघा! पाच. टीव्हीवरही तेच सांगतात, लोक कंटाळलेत. किती वर्षं द्यायचं? आपला दवाखाना गळतोय, आपला रस्ता उखडलाय. आणि खरं सांगू का, रागावू नका. चार चिंध्यांनी होतंय काय? रशियाला आता वरून मुंगीसुद्धा दिसते. जाळीबिळीला कुणी फसत नाही हो, काकू."

बाप्तिस्म्याच्या दिवशी झेनॉनला हातांवर धरलं होतं ते लेओकादियाने. तेव्हाही तो असाच बराच वेळ ओरडला होता आणि मग तिच्या नव्या झग्यावर ओलं करून गप्प झाला होता. तिने आडवी आलेली शेळी सारावी तशी काठीने त्याला बाजूला सारलं आणि घरामागे गेली.

घरामागे चेरीची चार बुटकी झाडं होती. निदान काल-परवापर्यंत तरी होती. आता तिथे एक मोठं हिरवं झुडूप होतं, आणि झुडपाला शिडी टेकवलेली होती. लेओकादिया जवळ गेली. डोळ्यांपुढेच तिच्या बैठकीच्या खोलीतल्या मखमली पडद्याची पट्टी लोंबत होती. पट्टी तिने वर उचलली. आत काळपट लाल चेरीचे घोसच्या घोस लटकलेले. एकाही फळाला चोच लागलेली नव्हती.

तेवढ्यात जंगलाकडून भोरड्या आल्या. शे-दोनशेचा थवा. झेनॉनच्या परसावरून त्यांनी एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि सरळ कुंपणापलीकडे स्टेफाच्या झाडावर जाऊन बसल्या. तिथे काही उरलंय का ते नीट पाहिलं. नव्हतं. मग फादरच्या बागेकडे निघून गेल्या.

स्टेफाच्या तोंडातून असा शब्द निघाला, की शनिवारी पापाची कबुली देताना तो फादरला सांगावा लागणार होता.

"दोन आठवड्यांपुरतीच घेतली होती," झेनॉन चपलांकडे बघत म्हणाला. "म्हटलं, कुणाला नकोच झालीय, तर कपाटात कुजण्यापेक्षा... चेरी उतरवली की ठेवणारच होतो परत."

चर्चकडून गाडीचा भोंगा वाजला. एकदा. मग पुन्हा, जरा लांब.

लेओकादियाने एक चेरी तोडली. तोंडात टाकली, सावकाश चघळली आणि बी झेनॉनच्या चपलांपाशी थुंकली.

"झेनॉन," ती म्हणाली, "अख्ख्या गावात ह्या जाळीवर खरा भरवसा असलेला तू एकटाच उरलायस, बाबा. चढ शिडीवर."