पाहुण्याच्या हाती दोर

कमरेला दोर बांधून आबा विहिरीच्या काठावर बसले आणि म्हणाले, रहाट आज पाहुण्याकडे द्या.

गडी एकमेकांची तोंडं बघू लागले. छावणीच्या घोड्यांसाठी चाललेली ही विहीर चाळीस हात खाली गेली होती आणि तिथे काळा कातळ लागला होता. कातळ फोडायचा तर भोकात दारू ठासायची, वात लावायची, ती पेटवायची आणि दोराला दोन झटके द्यायचे, म्हणजे वरचा माणूस रहाट फिरवून ओढून घेतो. खाली एकच, वर एकच, बाकीचे सगळे लांब दगडाआड. म्हणून आबांच्या टोळीत रहाटाला रक्ताचाच माणूस लागे. परका धूर बघून पळतो, असं आबा म्हणत. आजवर हे काम त्यांच्या भावाने केलं होतं, पण काल तो हात मोडून बसला.

"तो घरचाच आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी पाय आत सोडले.

पाच वर्षांपूर्वी दोन दिवस राहतो म्हणून आला आणि हललाच नाही, म्हणून तो पाहुणा. खरं तर तो आबांचा जीव घ्यायला आला होता. वीस वर्षांपूर्वी त्याचा बाप अशाच विहिरीत वात पेटवायला उतरला आणि रहाटावरचा गडी पळाला. तो गडी म्हणजे आबा. आबांना हे पोर कुणाचं, याचा पत्ता नव्हता. पाहुण्याला सूड हवा होता तोही तसाच, दोरावरचा. त्यासाठी तो थांबला. पण थांबता थांबता माणूस गुंततो, त्याला कोण काय करणार? कातळावर पहार आपटून आवाजावरून पाणी ओळखायला आबांनी त्याला शिकवलं. तापाने फणफणला तेव्हा त्यांची लेक तीन दिवस उशाशी बसून होती. लेक एकुलती एक, तरी सगळे तिला थोरली म्हणत, कारण ती बापासकट सगळ्यांवर हुकूम सोडायची. सुताला दारू माखून वाती वळणं तिचं काम. तिची वात शंभर मोजेपर्यंत जळायची, ना एक कमी, ना एक जास्त. दोघांचा एकमेकांवर जीव होता, हे टोळीच्या गाढवालाही कळलं असतं. पण ज्याचा जीव घ्यायचा, त्याच्याकडे लेक कोणत्या तोंडाने मागणार?

थोरलीने वात बापाच्या हातात दिली, पाहुण्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती दगडाआड गेली. पाहुण्याने सावकाश आबांना खाली सोडलं.

थोड्या वेळाने दोराला दोन झटके बसले. पाहुणा मनात मोजू लागला. दहा. वीस. हात दांड्यावर होते, पण दांडा त्याने फिरवला नाही. बापही असाच खाली उभा राहून वर बघत असेल. तीस. चाळीस. माणूस वर यायला पन्नास आकडे लागतात, हे त्याला पाठ होतं. साठ. आता काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

तेवढ्यात खालून आबांचा आवाज आला. "दांडा अडकला का रे? मग सोड, पोरा. तू पळ."

सूड गेला खड्ड्यात, त्याला फक्त आबा वर हवे होते. तो जीव खाऊन दांडा फिरवू लागला. पुढचे आकडे त्याने मोजले नाहीत, मोजून उपयोग नव्हता. तो रडत होता आणि ओढत होता. शंभर कधीच उलटून गेले असणार, पण स्फोट काही होईना. आबांचं डोकं काठावर दिसताच त्याने त्यांना बखोटीला धरून दगडाआड ओढलं. मग जमीन हादरली.

धूळ बसल्यावर आबांनी आधी लेकीला झापलं. दीडशेच्या वर मोजले मी, ही कसली वात? थोरली म्हणाली, चुकलं. मग पाहुण्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "पहिल्यांदा होतं असं. माझेही हात असेच गोठले होते. लोक म्हणाले पळाला. पळायला पाय तरी हलायला हवेत ना? माझा माणूस खालीच राहिला रे."

पाच वर्षं विचारायचं होतं, त्याचं उत्तर हे एवढंच होतं. पाहुण्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

आबा पाणी लागलं का बघायला गेले. पाहुण्याने थोरलीला सांगून टाकलं, की त्याचे हात गोठले नव्हते. ती म्हणाली, ठाऊक आहे, तापात सगळं बरळला होतास.

"आणि तरी दोर माझ्या हाती जाऊ दिलास?"

"तू ओढशील याची खात्री होती," थोरली म्हणाली. "फक्त तुला जरा वेळ लागेल असं वाटलं, म्हणून वातीला दारू कमी माखली."