अस्थींचा खडक

दुकानदाराने खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन्ही गोष्टी ठेवल्या. एकीकडे मेलेलं प्रवाळ, दुसरीकडे गजाननरावांच्या अस्थींपासून बनवलेला भोकाभोकांचा खडक. नदीत अस्थी सोडायला बंदी आल्यापासून लोक माणसं अशी घरी नेत आणि त्यांच्यावर मासे पाळत.

“आई, बाबा आता दिवाणखान्यातच राहतील,” पराग गहिवरून म्हणाला.

दमयंतीबाईंनी नाक मुरडलं. जिवंतपणी बेल वाजली की हा माणूस दार किलकिलं करून ‘घरात कुणी नाही’ सांगायचा. बायकोच्या सख्ख्या भावालासुद्धा! आणि आता म्हणे माशांना आसरा देणार.

“कुठे राहायचं ते मासेच ठरवतात,” म्हणत दुकानदाराने टाकीत पट्टेरी मासे सोडले.

मासे खडकाजवळ गेले, भोकांतून डोकावले आणि एकजात वळून मेलेल्या प्रवाळात शिरले.

“बाबांना थोडा वेळ देऊ या ना,” पराग हिरमुसून म्हणाला.

“उभा संसार दिला की मी,” दमयंतीबाई म्हणाल्या. “प्रवाळ बांधा हो.”

“आणि हा खडक?” दुकानदाराने विचारलं.

“द्या तोही. आमचं पुढचं दार वाऱ्याने सारखं बंद होतं. ते उघडं ठेवायला होईल.”