बाई आल्या का?

यादीतली सात कामं झाली होती. आठव्यापाशी तिची पाचावर धारण बसली.

खोलीची किल्ली, बँकेतलं खातं, वाचनालयाचं कार्ड, गादी, बादली, डॉक्टरांचा दाखला, ऑफिसातला फॉर्म, सगळ्यांवर काट मारून झाली होती. आठवं काम तिने मुद्दाम तळाशी, बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्रयोगशाळा बघून येणे.

पीएच.डी. सोमवारी सुरू होणार होती. तिची भीती नव्हती असं नाही, पण त्याआधी दुसरीच येऊन बसली होती. "पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल तुम्हीच घ्या," असं तिचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले होते. चहा घ्या म्हणावं इतकं सहज. चाळीस मुलं समोर बसणार, आणि त्यातलं कुणीतरी तिच्याकडे नुसतं बघून ओळखणार, असं तिला सारखं वाटत होतं.

ओळखण्यासारखं होतंच. तिची आई तीस वर्षं लोकांकडे धुणीभांडी, केरफरशी करत आली होती. शाळेला सुट्टी लागली की हीसुद्धा जायची. बेल वाजली की आतून विचारणा व्हायची, "बाई आल्या का?" आईला त्या घरांमधून नावाने हाक मारलेली हिने कधी ऐकली नाही.

घरी परतायला संध्याकाळच्या गाडीत जागा आहे, हे तिने सकाळीच बघून ठेवलं होतं. आईला मात्र फोनवर 'मजेत आहे' असं सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. टेबलांवर सुट्टीभराची धूळ होती. फळ्यासमोर एक रिकामी खुर्ची होती, ती तिची. ती दाराशीच थबकली. मग तिला आईचं म्हणणं आठवलं: "नव्या घरात भीती वाटली ना, की आधी केर काढायचा. हात चालले की जीव थाऱ्यावर येतो." कोपऱ्यात झाडू होता. तिने बाह्या सरसावल्या.

केर झाला, टेबलं झाली. फडकं पिळून ती फरशीवर वाकली होती, तेवढ्यात दारातून हाक आली.

"बाई..."

झालं! ओळखलंच. लहानपणची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं, "झालंच, एवढी फरशी पुसते नि निघते."

"निघू नका ना!" दारात चष्मेवाली एक मुलगी कोरी वही छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा हिच्याहून पांढरा पडला होता. "ऑफिसात म्हणाले, नव्या मॅडम आत आहेत. आम्ही शाळेत बाईच म्हणायचो, तेच तोंडात आलं. बाई, मी ती काचेची नळी, ब्युरेट, हातातसुद्धा धरलेली नाही. सोमवारी सगळे हसतील मला."

ती फरशीवरून उठली. फडकं बादलीत टाकून तिने हात धुतले.

"आत ये," ती म्हणाली. "फरशी ओली आहे, जपून."

एक ब्युरेट फुटला. दुसऱ्या वेळी थेंब मोजून पडायला लागले. "येते, बाई," म्हणत मुलगी गेली, तेव्हा संध्याकाळची गाडी केव्हाच सुटली होती. तिने आठव्या कामावर काट मारली आणि आईला फोन लावला. कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

"आई, इथे मला बाई म्हणाले!"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. नळ बंद झाला.

"कुणाच्या घरी गं?" आईने विचारलं. "मग कॉलेजचं काय झालं?"