जरा वाचून दाव

अण्णा कारखान्यावरून आले ते मोबाइल हातात धरूनच. "अगं, परतूरच्या पाहुण्यांचा मेसेज आलाय, फोटो दिसतोय त्यांचा. जल्दी वाचून दाव."

अण्णांना वाचता येत नाही. आईचं लग्न सातवीत असतानाच झालं, पण घरातलं सगळं वाचणं तिच्याकडंच. लग्न जमलं की माझं शिक्षण बारावीवर थांबणार, हे ठरलेलंच होतं.

आईनं पिठाच्या हातानं मोबाइल घेतला. मेसेज वाचला, पुन्हा वाचला. "पोरगी पसंत न्हाई म्हणून राह्यले."

"असं कसं? बैठकीत तर खूश होते." अण्णांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "ज्योत्स्ना, तू वाच बरं."

स्क्रीनवर पिठाची बोटं उमटली होती. खाली लिहिलं होतं, 'मुलगी पसंत आहे. रविवारी तारीख काढायला येतो.'

आई माझ्याकडं बघत नव्हती. तव्यावरची भाकर करपत होती, तरी ती हलली नाही.

"न्हाईच म्हणलेत, अण्णा."

अण्णांनी मोबाइल पुन्हा आईच्या हातात दिला. "मंग लिही त्यांना, काही हरकत न्हाई म्हणून. पोरगी जाईल कॉलेजात."

आईनं सावकाश टाइप केलं, 'मुलीला अजून शिकायचं आहे. माफ करा.'

अण्णा हातपाय धुवायला मोरीत गेले, तेव्हा ती माझ्या कानाशी आली.

 

"माझ्या वेळेला बी पाहुण्यांची चिठ्ठीच आल्ती. पण माझ्या मायला वाचता येत नव्हतं."