बंद पडणारं मशीन

"हे कधीच बंद पडणार नाही," असं सेल्समन धर्मेंद्रने पुन्हा एकदा छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा हिलाल आबांनी मान फिरवली.

धुळ्याच्या शोरूममध्ये गवत कापायची मशीनं ओळीने उभी होती. आबा आणि त्यांची सून सारिका नरडाण्याकडून सकाळच्या एसटीने आले होते. त्यांचं घर शेतात. भोवती मोठं मोकळं रान आणि त्यात कमरेएवढं गवत. किरण होता तोवर ते वाढायचं नाही. किरण म्हणजे आबांचा मुलगा, सारिकाचा नवरा. मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर तो रोटाव्हेटर मारताना चालत्या ट्रॅक्टरवरून पडला. ट्रॅक्टर थांबला नाही. मागची रोटाव्हेटरची पातीही फिरतच राहिली.

ट्रॅक्टर विकून टाकला, पण गवत कुठे कोणाचं सुतक पाळतं? परवा थेट ओट्यावर साप निघाला. मजूर आज हो म्हणतात आणि उद्या फोन उचलत नाहीत. शेवटी सारिका म्हणाली, मशीन आणू, मी चालवीन. तेव्हापासून आबांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. मुलगा गेला होता. आता ही एकच उरली होती.

"घरासाठीच ना? मग हे खांद्यावरचं न्या," धर्मेंद्र म्हणाला.

"एवढ्या रानाला खांदा नाही पुरणार," सारिका म्हणाली. "लॉन्सवाले नेतात तसलं दाखवा. टिकलं पाहिजे. सारखं दुरुस्तीला धुळ्याला कोण आणणार?"

लग्नाच्या लॉन्सवाल्यांचं मशीन घरी नेणारं गिऱ्हाईक रोज येत नाही. धर्मेंद्र एकदम खुलला. त्याने आबांना बसून चालवायच्या एका मशीनवर बसवलं आणि किल्ली फिरवली. मशीन सुरू झालं, तसे आबा खाली उतरले. मशीन गुरगुरतच राहिलं.

"मानूस उतरी गया, तरी हाई चालूच?" आबांनी विचारलं.

"उठलं की बंद करायला सीटखाली स्विच असतो आबा, पण तो डायरेक्ट केलाय. गिऱ्हाईक सारखं चढतं-उतरतं. दर वेळी चालू कोण करत बसणार? सगळेच डायरेक्ट करून घेतात. तुम्हालाही करून देऊ की, फुकटात."

सारिकाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. त्यांच्या ट्रॅक्टरचा स्विचही डायरेक्टच होता. सीटवरून जरा उठलं की इंजिन बंद पडतं, काम खोळंबतं, म्हणून किरणने अंगणातच दोन वायरी जोडून टाकल्या होत्या. त्यात आपण काही चुकीचं करतोय असं कोणाला वाटलंसुद्धा नाही. आपल्याकडे ते कधीच कोणाला वाटत नाही. उलट शेजारच्या झुलालने पाठ थोपटली होती आणि चहा झाला होता.

"दुसरं दाखव," आबा म्हणाले.

कोपऱ्यातल्या मशीनवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. त्याला सीटच नव्हती. मागे पाय ठेवायला एक फळी, तिच्यावर उभं राहून चालवायचं. "हे सगळ्यात दणकट," धर्मेंद्र म्हणाला, "पण महाग आहे, आणि उभ्या उभ्या तुम्हाला..." आबा तोवर चढलेसुद्धा होते. जन्मभर वखरावर उभं राहिलेला माणूस तो. गुडघे जरासे वाकवून असे उभे राहिले, की पुढे बैलच काय ते नव्हते.

मशीन सुरू झालं. आबांनी एक पाय खाली टेकवला, मग दुसरा.

मशीन थांबलं.

आबांनी फळीकडे पाहिलं. परत चढले, चालू करायला लावलं, उतरले. मशीन थांबलं. आणखी एकदा. धर्मेंद्रला वाटलं, म्हातारा वैतागला.

"आबा, तापू नका. नवा माल आहे, अजून हात लावलेला नाही. ए वना, पक्कड घेऊन ये रे! आबांचं डायरेक्ट करून दे."

मेकॅनिक वना हात पुसत आला आणि फळीजवळ उकिडवा बसला. सारिका उठली. तिने हात पुढे केला. ताईंना काही बघायचं असेल, म्हणून वनाने पक्कड तिच्या हातात दिली. तिने ती पिशवीत टाकली आणि चेन ओढली.

"हेच मशीन द्या," ती धर्मेंद्रला म्हणाली. "आहे तस्सं. एक वायर इकडची तिकडे करायची नाही."

"ताई, सारखं बंद पडेल हो."

"पडू दे."

"बरं. पण ताई, पक्कड..." वना म्हणाला.

"बिलात लावा."

धर्मेंद्र बिल करायला टेबलाकडे गेला. आबा परत फळीवर चढले होते. त्यांनी आता स्वतःच किल्ली फिरवली, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि उतरले. मशीन थांबलं.

"आबा, घर चला आते," सारिका त्यांचा दंड धरून म्हणाली.

आबांनी थांबलेल्या मशीनवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"बेटा," ते म्हणाले, "किरणना ट्रॅक्टरले बी इतलंच करानं व्हतं."