हरकतवाले चाचा

सात नंबरचा पोरगा वृषालीच्या तोंडासमोर हात नाचवू लागला, तेव्हा प्रमोदरावांनी खालचा ओठ दातांखाली धरला. त्यांनी लेकीला शब्द दिला होता. खरं तर शब्द मैदानावर न येण्याचा होता. पण वकिली डोकं; ‘आलो तरी बोलायचं नाही’ असा त्याचा अर्थ त्यांनी वाटेतच लावून टाकला होता.

रेफरी म्हणून वृषालीचा हा पहिलाच सामना. सिकंदराबादची ही फुटबॉल स्पर्धा वर्षानुवर्षं भरवणारे उमाजी कडेला खुर्ची टाकून बसले होते. आज तिचं कसं होतं ते बघून ते ठरवणार होते, तिला पुढचे सामने द्यायचे की शिट्टी परत घ्यायची. “बाबा, तुम्ही येऊ नका. एवढंच करा माझ्यासाठी,” सकाळी तिने अक्षरशः हात जोडले होते.

तिचंही काही चुकत नव्हतं. ती स्वतः पलीकडे हैदराबादेत खेळायची त्या दहा वर्षांत प्रमोदरावांनी एकाही रेफरीला सुखाने घरी जाऊ दिलं नव्हतं. कोर्टात जज्जसाहेबांपुढे मान वर न करणारा हा माणूस रविवारी मैदानाच्या कडेला उभा राहिला की गरजायचा, “माझी हरकत आहे!” पोरीबाळी त्यांना ‘हरकतवाले चाचा’ म्हणत. हैदराबादी बोलीत हरकती म्हणजे चाळे, हे तीन पिढ्या इथेच काढलेल्या घरातल्या प्रमोदरावांना पक्कं ठाऊक होतं. पण ते सोयीचा तेवढा अर्थ घेत.

“मेरा हात लग्याच नै! दिखता नै क्या मॅडम?” सात नंबर ओरडला. त्याच्या संघातली सात-आठ पोरं वृषालीभोवती गोळा झाली. बघ्यांतून कुणीतरी म्हणालं, “मॅडम कू चश्मा दिलाओ रे!” आणि हशा पिकला. वृषाली शिट्टी मुठीत धरून उभी होती. त्या घोळक्यात ती एवढीशी दिसत होती. प्रमोदरावांना ते बघवेना.

ते तरातरा निघाले ते चुन्याची रेघ ओलांडून थेट मैदानात.

“माझी हरकत आहे!”

मग सात नंबरकडे वळून त्यांनी सुरुवात केली. रेफरीचा मान ठेवायला शिका. जो आज शिट्टीला जुमानत नाही तो उद्या सिग्नलला जुमानणार नाही, परवा कायद्याला. समाज बिघडतो तो इथूनच! गेल्याच आठवड्यात आबिड्सच्या सिग्नलवर आपण हवालदाराशी अर्धा तास हुज्जत घातली, हे त्यांना मध्येच आठवलं. पण भाषण रंगात आलं होतं. त्यांनी तसंच रेटलं.

शिट्टी वाजली. लांब आणि कडक.

वृषाली समोर येऊन उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली होती. तिने सरळ वडिलांच्या डोळ्यांत बघितलं.

“चाचा,” ती म्हणाली, “बाहर जाओ. गेट के बाहर. नै तो मॅच इधरीच बंद.”

चाचा! पोटची पोर, आणि चाचा! ‘अगं, बाप आहे मी तुझा’ हे शब्द प्रमोदरावांच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यात त्यांना खुर्चीतून उठून बघणारे उमाजी दिसले, कान टवकारलेली पोरं दिसली. रेफरीचा बाप मैदानात घुसला, एवढं कळायचा अवकाश, पोरीची शिट्टी गेलीच. तिला हे आधी सुचलं होतं. वकिलाला नव्हतं. प्रमोदरावांनी ते शब्द गिळले, मान खाली घातली आणि कोर्टातून निघावं तसे दोन पावलं मागे सरून बाहेर पडले.

सात नंबरही निमूटपणे आपल्या जागेवर गेला. एवढ्या वयाच्या माणसाला जिने हाकललं, तिच्याशी हुज्जत कोण घालणार?

फाटकाबाहेर प्रमोदराव स्कूटरला टेकून उभे राहिले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती. आत शिट्टी वाजे, आणि तिच्यामागून एकही आवाज येत नसे. प्रत्येक शिट्टीला त्यांचा ऊर भरून येत होता, आणि सांगायला मात्र कुणी नव्हतं.

सामना संपला तसे उमाजी त्यांना शोधत बाहेर आले.

“साहेब, तुम्ही आपलेच मराठी दिसता. त्या पोरीनं चारचौघांत बाहेर काढलं, वाईट वाटलं असेल. तुमची तक्रार असेल तर लिहून द्या, मी बघतो. नसेल तर पुढच्या रविवारचा सामनाही तिलाच द्यावा म्हणतो.”

प्रमोदरावांच्या खिशात पेन होतं. उमाजींच्या मागे, फाटकाशी, वृषाली खांद्यावरची बॅग घट्ट धरून थबकली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

प्रमोदरावांनी घसा साफ केला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, “हरकत नाही.”