कबनूरची गाठ

"एका पोरीचं वजन पेललं या गाठीनं," अधीक्षक वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. "इतकी पक्की गाठ कबनूरच्या पोरीशिवाय इथं कोण मारणार?"

वरच्या शिवणवर्गात यंत्राच्या लोखंडी पायाला जुनं नऊवारी लुगडं बांधलेलं होतं. दुसरं टोक खिडकीतून मागच्या बोळात लोंबत होतं. खिडकीचा एक गज वर्षभर निखळलेलाच होता. काल दुपारी, भेटीच्या वेळेत, तेजस्वी त्या लुगड्याला धरून सुधारगृहातून उतरून गेली होती.

शबनम भिंतीला टेकून उभी होती. सोळा वर्षांची, कबनूरला यंत्रमागावर काम करणाऱ्या निसारभाईंची मुलगी. तिच्यावर मोबाईल चोरल्याचा ठपका होता. उद्या तिची सुटका होती. पण मॅडमच्या हातात समितीला द्यायचा कागद होता: पळून जाण्यास मदत केली, मुक्काम सहा महिन्यांनी वाढवावा.

"सकाळपासनं खायला दिलंय का तिला?" झुंबरबाईंनी विचारलं.

"आधी खरं बोलू दे."

झुंबरबाईंनी डब्याच्या फडक्याची गाठ एका हिसक्यात सोडली आणि भाकरी शबनमच्या हातात ठेवली. एकतीस वर्षं त्या इथं शिवण शिकवत होत्या. शबनमनं भाकरी घेतली, पण खाल्ली नाही.

"काल त्या येळंला शबनमला पाण्याला मी धाडलंवतं," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही चहाला खाली आलात. वय झालंय म्हणून तुम्हाला कुणी बोललं नाही, बाई. नाहीतर वर्ग असा सोडून जातात का?"

"मी आले तवा इथं फाटकाला कुलूप नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, फक्त बोटं यंत्राच्या चाकावर घट्ट झाली. "रविवारी पोरी रांगेनं रंकाळ्यावर जायच्या. शेंगा खायच्या, पाण्यात खडे टाकायच्या, आन् सगळ्या माघारी यायच्या. एक बी पळाली न्हाय. आता का पळत्यात, ते कागदात लिवा की."

"तेजस्वीनं काकाच्या डोक्यात वरवंटा घातला होता. साधी पोर नव्हती ती."

"का घातला, ते तिनं वहीत लिवलंवतं. वही मी तीनदा तुमच्या टेबलावर ठेवली."

"पुढं पाठवली मी."

"आन् उद्या तिला त्याच काकाच्या हातात देणार हुता."

"आदेश होता."

"आदेश," बाई म्हणाल्या. खाली कुणीतरी भांडी आपटत होतं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "शबनम, शेवटचं विचारते. गाठ तू मारलीस की नाही?"

"न्हाय."

"हिला न विचारता कळतंय," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी रिळाचा दोरा तोडला आणि दोन्ही तुकडे शबनमपुढं धरले. "जोड."

शबनमनं भाकरी खिडकीत ठेवली. तिची दोन बोटं हलली. काय केलं ते दिसलंच नाही. जोड मोहरीएवढा होता.

"ही कबनूरची गाठ," बाईंनी दोरा मॅडमच्या कागदावर ठेवला. "मागाच्या फणीच्या फटीतनं निघायला लागती, न्हायतर धागा तुटतो. लहानपणापासनं तिच्या बोटांत हीच बसलीया. आता खाली वाका आन् ही बघा."

मॅडम वाकल्या. लुगड्याची गाठ मुठीएवढी होती. बाजूला एक फास सोडलेला होता.

"ही दाव्याची. म्हशीला बांधायची. जनावर वढंल तेवढी आवळती, आन् हे टोक वढलं की सुटती. मागावरची पोर असली गाठ कुठनं शिकंल?"

मॅडमनी मोबाईलवर फोटो काढला आणि टोक ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली.

त्या सरळ झाल्या. "तेजस्वी वारणानगरची. तिकडं घरोघर म्हशी. म्हणजे तिनंच मारली."

शबनमनं तोंड उघडलं. मग बाईंकडं बघून मिटलं.

मॅडमनी कागदाचे दोन तुकडे केले. "बाप उद्या कितीला येणार तुझा?"

"दहाला."

"सामान भरून ठेव मग. बाई, तुम्हीही घरी जा आता. रविवारचं उगाच ताप करून घेतलात."

त्या गेल्यावर झुंबरबाई स्टुलावर बसल्या. शबनमनं खिडकीतली भाकरी उचलली आणि उभ्याउभ्या अर्धी संपवली.

"वहीबद्दल त्या येका शब्दानं बोलल्या न्हाईत," बाई म्हणाल्या. "वाचली बी नसंल."

"तेजस्वी कारखान्याच्या कॉलनीतली हुती, बाई," शबनम म्हणाली. "म्हशीला भ्यायची. सुईतल्या दोऱ्याला गाठ बी मीच मारून द्यायचे."

बाईंनी डबा फडक्यावर ठेवला, टोकं एकमेकांवरून घेतली, गाठ आवळली आणि बाजूला एक फास सोडला. शाहूवाडीत, वडिलांच्या गोठ्यात शिकल्यापासून त्या सगळं असंच बांधत आल्या होत्या.

शबनमनं डबा त्यांच्या हातातून घेतला. टोक ओढलं. गाठ सुटली. मग तिनं फडक्याची टोकं दोन बोटांत धरली आणि तिथं कबनूरची गाठ मारली.

"समितीची माणसं चौकशीला येत्यात उद्या, बाई," ती म्हणाली. "डबा असाच घेऊन या."